डोळ्याची तक्रार: आधी नजर, मग लाली, मग औषध

डोळा लाल झालाय, दुखतोय, पाणी येतंय म्हणून कुणी समोर आलं की नवशिक्याचा हात पहिल्यांदा औषधाच्या बाटलीकडे जातो. तो मागे घ्या. डोळ्याच्या कामात पहिली पायरी एकच: दोन्ही डोळ्यांची नजर वेगवेगळी मोजायची आणि लिहून ठेवायची. लाली कितीही भयंकर दिसो, नजर शाबूत असेल आणि डोळा आतून दुखत नसेल तर बहुधा वेळ हातात असतो. उलट, डोळा वरून स्वच्छ दिसतोय पण नजर गेलीय, अशा माणसाला ताबडतोब पाठवावं लागतं. आरोग्यसेवेत नव्याने आलेले, शाळेत मुलांची तपासणी करणारे आणि घरात लहान मूल असलेले, अशा सगळ्यांनी हाच क्रम पाळावा.

नजर मोजायचं कार्ड घरी कसं करायचं

पांढरा जाड पुठ्ठा घ्या. त्यावर काळ्या शाईने इंग्रजी ई हे अक्षर काढायचं: तीन आडवे पट्टे, त्यांच्यामध्ये दोन मोकळ्या जागा, आणि पाचांचीही जाडी सारखी. लहान ई ची उंची आणि रुंदी १७.५ मिलिमीटर, म्हणजे प्रत्येक पट्टा ३.५ मिलिमीटर. ६ मीटरवरून हा ई ओळखता आला तर नजर निदान ६/१२ आहे, म्हणजे निरोगी डोळ्याला जे १२ मीटरवरून दिसतं ते या डोळ्याला ६ मीटरवरून दिसतं. पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला मोठा ई काढा, ८७ मिलिमीटर उंचीचा. तो ६/६० चा. मोजमाप बरोबर जमलं का हे बघायची सोपी खूण म्हणजे मोठ्या ई चा एक पट्टा लहान ई च्या पूर्ण उंचीइतकाच जाड असतो.

माणसाला उजेडात ६ मीटरवर बसवा. अंतर पावलांनी नाही, टेपने मोजा. चष्मा असेल तर तो लावूनच तपासायचं. एक डोळा तळहाताचा द्रोण करून झाकायला सांगा. बोटांनी झाकला तर फटीतून दिसतं, आणि डोळा दाबून धरला तर हात काढल्यावर थोडा वेळ धूसरच दिसतं, मग त्या डोळ्याचा निकाल चुकतो. लहान मुलं तर हमखास बोटांच्या फटीतून बघतात; त्यांचा डोळा दुसऱ्या कुणीतरी झाकावा. आता कार्ड फिरवत ई चे पाय कुठल्या दिशेला आहेत ते हाताने दाखवायला सांगा. पाच वेळा दिशा बदला. चार वेळा बरोबर आलं तर तो ई पास. साधारण चार वर्षांपुढचं मूल हे खेळासारखं करतं, पण आधी एक मीटरवर दोन-तीनदा सराव करून घ्या, नाहीतर खेळ न कळल्यामुळे चुकलेल्या मुलालाही आपण कमी नजरेचं ठरवू.

लहान ई दिसला नाही तर मोठा दाखवा. तोही दिसला नाही तर ३ मीटरवरून बोटं मोजता येतात का, मग १ मीटरवरून, मग हाताची हालचाल कळते का, आणि शेवटी टॉर्चचा उजेड कळतो का ते बघा. जे उत्तर येईल ते त्या त्या डोळ्यापुढे लिहा.

नजर कमी आली तर लगेच दुसरी चाचणी करायची. पुठ्ठ्याला सुईने साधारण १ मिलिमीटरचं भोक पाडा आणि त्यातून पुन्हा ई बघायला सांगा. बारीक भोकातून फक्त सरळ येणारे किरण आत जातात, त्यामुळे नंबरचा दोष झाकला जातो. भोकातून नजर सुधारली तर बहुतेक वेळा चष्म्याचं काम आहे. सुधारली नाही तर दोष नंबरपलीकडचा आहे. मोतीबिंदू, डोळ्याच्या मागचा पडदा (रेटिना), नजरेचा मज्जातंतू किंवा लहानपणी राहून गेलेला आळशी डोळा यांपैकी काहीही असू शकतं, आणि तिथे नुसती चष्म्याची चिठ्ठी देऊन भागत नाही.

टॉर्चच्या उजेडात काय बघायचं

बाहेरून आत या. आधी पापण्या आणि त्यांच्या कडा. मग डोळ्याचा पांढरा भाग. मग बुबुळ, म्हणजे समोरचं पारदर्शक, काचेसारखं आवरण. त्यावर टॉर्चचं प्रतिबिंब टोकदार आणि लख्ख दिसायला हवं. ते फुटल्यासारखं किंवा मंद दिसलं तर बुबुळाला सूज आहे, ओरखडा आहे किंवा जखम. शेवटी बाहुली: गोल आहे का, दोन्ही डोळ्यांत सारखी आहे का, उजेड पडल्यावर आकसते का.

लाली कुठे आहे यावरूनच निम्मं निदान होतं. खालची पापणी ओढून बघा. पापणीच्या आतली बाजू आणि कडेचा भाग लालभडक, पण बुबुळाजवळ फिकट, असं असेल तर ते बहुधा साधे डोळे आलेले. उलट बुबुळाभोवती जांभळट लाल कडं आणि बाहेर फिकट असेल तर आजार आत आहे. बुबुळ, बाहुलीभोवतीचा पडदा किंवा डोळ्यातला दाब, यांपैकी कुठेतरी बिघाड आहे.

पुढचं काहीही आढळलं तर स्वतः उपचार करत बसू नका, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवा: नजर कमी होणं, नुसतं खुपणं नाही तर खरंखुरं दुखणं, उजेड अजिबात सहन न होणं, बुबुळावर पांढरा डाग, बाहुली वेडीवाकडी किंवा दुसरीपेक्षा मोठी, लाल डोळ्यासोबत उलट्या, दिव्याभोवती रंगीत वलयं, आणि कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचा लाल डोळा. लेन्सवाल्याने लेन्स लगेच काढायची, पण डबीसकट सोबत न्यायची. जंतू कुठला ते तिच्यावरून तपासता येतं.

यातून एक अपवाद वगळा. पांढऱ्या भागात अचानक रक्ताचा लालभडक डाग दिसतो, दुखत नाही, नजर नीट, घाण येत नाही. हे वरच्या आवरणाखाली फुटलेल्या बारीक रक्तवाहिनीचं रक्त. खोकला, जोर लावणं, कधी काहीच कारण नसतं. एक ते दोन आठवड्यांत पिवळट होत जातं. औषध लागत नाही. रक्तदाब मोजा, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का विचारा. मार लागल्यानंतर आलेला डाग मात्र डॉक्टरांना दाखवायचा.

डोळे येणे: तीन वेगळे आजार, एकच नाव

विषाणूमुळे आलेल्या डोळ्यांत पाणी जास्त, घाण कमी. आधी एक डोळा, दोन-तीन दिवसांनी दुसरा. कानासमोर बोटाने दाबलं तर दुखरी गाठ लागू शकते, सोबत सर्दी-घसा असतो. याला प्रतिजैविक लागू पडत नाही. स्वच्छ कापडाचा थंड शेक, कृत्रिम अश्रूंचे थेंब, आणि वाट बघणं. एक ते दोन आठवडे लागतात. नुसतं बघून डोळे येत नाहीत, हाताने येतात. गॉगल फक्त उजेडाचा त्रास कमी करतो. रुमाल, टॉवेल, उशी वेगळी, आणि डोळ्याला हात लागला की साबणाने धुणं, एवढ्यानेच साथ आटोक्यात येते. तपासणाऱ्यानेही दोन रुग्णांमध्ये हात आणि टॉर्च पुसायचा, नाहीतर आपणच साथ वाटत फिरतो. आठवड्याभराने लाली गेली पण धूसर दिसायला लागलं, तर विषाणूने बुबुळावर डाग सोडलेत, डॉक्टरांकडे पाठवा.

जिवाणूंमुळे आले असतील तर घट्ट पिवळी-हिरवट घाण, आणि सकाळी पापण्या चिकटलेल्या. आधी कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने आतून बाहेर एकदाच पुसा आणि तो बोळा फेकून द्या. पुसल्यावर नजर नीट व्हायला हवी. झाली नाही तर हे साधं प्रकरण नाही. उपचार म्हणजे क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकाचे थेंब: पहिले दोन दिवस जागेपणी दर दोन तासांनी, मग दिवसातून चार वेळा, एकूण पाच दिवस. दोन दिवसांत उतार पडायला हवा. कुटुंबात रक्त तयार न होण्याचा आजार असेल तर हे औषध टाळून दुसरं मागा.

ॲलर्जीचा डोळा खाजेवरून ओळखायचा. खाज नाही तर ॲलर्जी नाही, असं धरून चाललात तरी फारसं चुकणार नाही. दोन्ही डोळे, तारेसारखी चिकट पांढरी घाण, शिंका. थंड शेक आणि ओलोपॅटाडिनचे ०.१ टक्के थेंब दिवसातून दोनदा. चोळणं बंद करणं हा उपचाराचा अर्धा भाग आहे, कारण वर्षानुवर्षं चोळून बुबुळ पातळ होतं आणि शंकूसारखं पुढे येतं. शाळकरी वयाच्या मुलांत, मुलग्यांत जास्त, याचा तीव्र प्रकार दिसतो. वरची पापणी उलटली तर आत फरशीच्या खड्यांसारखे उंचवटे असतात, आणि मूल उन्हाळ्यात डोळे चोळचोळून हैराण होतं.

नेमकं इथेच सगळ्यात मोठं नुकसान होतं. स्टेरॉइडच्या थेंबांनी खाज आणि लाली एका दिवसात पळते, म्हणून घरचे तीच बाटली महिनोन्‌महिने परत आणतात. लांबणारा स्टेरॉइड डोळ्यातला दाब वाढवतो. दाब वाढलेला जाणवत नाही, दुखत नाही. मज्जातंतू मरत राहतो आणि गेलेली नजर परत येत नाही. मोतीबिंदूही लवकर होतो. आणि लाल डोळा नागिणीच्या जातकुळीतल्या हर्पीस विषाणूचा असेल तर स्टेरॉइडने बुबुळावरची झाडाच्या फांदीसारखी बारीक जखम पसरत जाते. म्हणून बाटलीवरची बारीक अक्षरं वाचायची सवय लावा: डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल. यातलं एकही नाव असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांनी दिवस ठरवून दिल्याशिवाय ते डोळ्यात जाऊ द्यायचं नाही. प्रतिजैविक आणि स्टेरॉइड एकत्र असलेल्या बाटल्या जास्त फसवतात, कारण मोठ्या अक्षरात प्रतिजैविकाचं नाव असतं.

थेंब घालायचे कसे

दोन थेंब घातले म्हणून दुप्पट गुण येत नाही. पापणीच्या खोबणीत एक थेंबसुद्धा पुरता मावत नाही, दुसरा गालावर ओघळतो. हात धुवा, मान मागे, नजर वर. खालची पापणी हलकेच ओढून झोळी करा आणि त्यात एकच थेंब सोडा. बाटलीचं टोक पापणीला किंवा केसांना लागता कामा नये. मग डोळा अलगद मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटं दाबून धरा; त्यामुळे औषध नाकातून घशात उतरत नाही. लहान मुलांत आणि दमेकऱ्यांत हे दाबणं विशेष महत्त्वाचं. काचबिंदूचे टिमोलोलचे थेंब दमेकऱ्याची धाप वाढवू शकतात, हे पुष्कळांना माहीत नसतं.

दुसरं औषध पाच मिनिटांनी. मलम नेहमी थेंबांनंतर, साधारण एक सेंटिमीटरची रेघ खालच्या पापणीत. थोडा वेळ धूसर दिसेल हे आधीच सांगा. उघडलेली बाटली चार आठवड्यांनी फेकायची, म्हणून उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा. मूल डोळे घट्ट मिटून रडत असेल तर झटापट नको. उताणं झोपवा, मिटलेल्या डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात थेंब ठेवा आणि थांबा. डोळा उघडला की थेंब आपोआप आत जातो.

पापणीच्या गाठी

रांजणवाडी म्हणजे पापणीच्या कडेला आलेली दुखरी पुटकुळी. कोमट पाण्यात पिळलेलं कापड १० मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा, थंड झालं की पुन्हा बुडवून. फोडू नका, दाबू नका. दुखणं जाऊन कडक गाठ उरली तर तोच शेक आणि हलका मसाज काही आठवडे. तरीही नाही गेली तर छोटी शस्त्रक्रिया. म्हातारपणी एकाच जागी पुन्हापुन्हा येणारी गाठ तपासायला पाठवा, कारण क्वचित ती कर्करोगाची असते. संपूर्ण पापणी सुजून डोळा पुढे आलाय, डोळा फिरवताना दुखतोय, ताप आहे, असं मूल दिसलं तर शेक देत बसू नका. डोळ्यामागच्या खोबणीतला पू मेंदूपर्यंत जाऊ शकतो. त्याला रुग्णालयात भरती करावं लागतं.

इजा: मिनिटं मोजायची वेळ

चुना, ओलं सिमेंट, ॲसिड, साफसफाईचं द्रावण, काहीही डोळ्यात गेलं तर तपासणी, नजर, कागदपत्रं सगळं बाजूला ठेवा. संपूर्ण लेखात नजर नंतर मोजायची अशी ही एकच जागा. जे स्वच्छ पाणी हाताशी असेल ते घ्या, डोक्याची बाजू अशी करा की पाणी दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही, पापण्या बोटांनी उघड्या धरा आणि सलग ३० मिनिटं धार सोडा. निदान दोन लिटर. चुना ॲसिडपेक्षा वाईट, कारण तो ऊतीतली चरबी विरघळवून आत उतरतच राहतो. त्याचे कण वरच्या पापणीखाली अडकलेले असतात; पापणी उलटून ओल्या कापसाच्या काडीने ते पुसून काढल्याशिवाय धुणं पुरं होत नाही. ॲसिडवर सोडा, चुन्यावर लिंबू असले प्रयोग करू नका. धुतल्यावर डोळा लाल न दिसता पांढराफटक दिसला तर खूश होऊ नका, रक्तवाहिन्या जळाल्याची ती खूण आहे.

कण गेला असेल तर चोळू न देता पाण्याने धुवा. गेला नाही तर वरची पापणी उलटा. खाली बघायला सांगा, पापण्यांचे केस चिमटीत धरा, पापणीच्या मध्यावर बाहेरून काडी टेकवा आणि केस वर ओढत पापणी काडीवर पालथी घाला. बहुतेक कण पापणीच्या कडेजवळच्या आतल्या खाचेत सापडतो. ओल्या काडीच्या टोकाने टिपा. बुबुळात रुतलेला कण मात्र नवख्याने सुईने काढायला जाऊ नये. हातोडी, छिन्नी किंवा घासायच्या यंत्रावर काम करताना काहीतरी उडालं, असं कुणी सांगितलं तर जखम दिसो वा न दिसो, धातूचा कण आत गेलाय असं समजून पाठवा. अशाचा एमआरआय काढायचा नाही. चुंबकाने कण आतल्या आत सरकतो.

टोकदार वस्तूने डोळा फुटला असेल तर धुणं नाही, थेंब नाही, मलम नाही, दाबाची पट्टी तर मुळीच नाही. घुसलेली वस्तू ओढू नका. कागदी पेल्याचा तळ कापून तो डोळ्याभोवतीच्या हाडावर टेकेल असा चिकटवा, तोंडाने काही खायला-प्यायला देऊ नका, आणि पाठवा. मुलाचं रडणंसुद्धा आतला दाब वाढवतं, म्हणून पापण्या उघडून बघायचा हट्ट धरू नका.

पान, काडी, कुसळ लागून नंतर दोन-चार दिवसांनी दुखणारा डोळा आणि बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर ते बुरशीचं व्रण असू शकतं. लागल्याच दिवशी साधा ओरखडा असतो. क्लोरॅम्फेनिकॉलचं मलम दिवसातून चारदा, पट्टी न बांधता, आणि रोज टॉर्चने तपासणी. ओरखडा दोन-तीन दिवसांत भरतो. ठिपका दिसला की खेळ बदलला. मध, दूध, झाडांचे रस, उरलेल्या बाटल्या यांत दिवस गेले तर त्या जागी फूल, म्हणजे कायमचा पांढरा डाग पडतो, आणि तो बाहुलीसमोर असेल तर नजर बुबुळ बदलूनच परत येते. दुखणं थांबवायला भूल देणारे थेंब घरी देऊ नका. डोळा बधिर राहतो आणि जखम भरत नाही.

लहान मुलं

मूल नजरेची तक्रार करत नाही. एक डोळा धूसर असला तरी दुसऱ्याने सगळं दिसतं, आणि दोन्ही धूसर असतील तर जग असंच असतं असं त्याला वाटतं. त्यामुळे तक्रारीची वाट बघायची नसते, वयानुसार खुणा तपासायच्या असतात. सहा आठवड्यांचं बाळ चेहऱ्यावर नजर ठेवतं. तीन महिन्यांचं हलत्या वस्तूमागे डोळे फिरवतं. ते करत नसेल तर तपासणी हवी.

जन्मानंतर पहिल्या २८ दिवसांत डोळ्यांतून पू येणं ही नेहमीच तातडीची बाब. दोन ते पाच दिवसांत भरभरून पू आणि सुजलेल्या पापण्या दिसल्या तर परम्याचे (गनोरियाचे) जंतू असू शकतात, आणि ते एखाद्या दिवसात बुबुळाला भोक पाडतात. उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने तासातासाला धुत राहा आणि इंजेक्शनसाठी रुग्णालयात न्या. थेंबांवर हा आजार बरा होत नाही. आईवडिलांनाही उपचार लागतात. पापण्या उघडताना पू तुमच्या डोळ्यात उडू शकतो, तेव्हा चष्मा लावा.

याच्यासारखं दिसणारं, पण निरुपद्रवी, म्हणजे बंद अश्रुनलिका. एक डोळा सतत पाणावलेला, सकाळी चिपडं, पण पांढरा भाग पांढराच. नख कापलेल्या बोटाने डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात, नाकाच्या हाडावर दाब द्या आणि तो दाब तसाच ठेवून बोट नाकाच्या बाजूने खाली सरकवा. असं ५ ते १० वेळा, दिवसातून तीन-चारदा. नुसतं कातडीवरून बोट फिरवलं तर उपयोग नाही. आतला द्रव खाली ढकलून नलिका अडवणारा पातळ पडदा फोडायचा असतो. दहातली नऊ बाळं वर्षाची होईतो बरी होतात, उरलेल्यांची नलिका डॉक्टर सळईने उघडतात. पण पाण्यासोबत बाळ उजेडाला डोळे मिटतंय, बुबुळ मोठं किंवा धुरकट दिसतंय, तर मसाज करत बसू नका. नवजात बाळाचं बुबुळ साधारण १० मिलिमीटरचं असतं. पहिल्या वर्षात १२ च्या पुढे गेलं तर जन्मजात काचबिंदूची शंका घ्या. ‘किती टपोरे डोळे’ म्हणून कौतुक होत राहतं आणि महिने वाया जातात.

बाहुली पांढरी दिसणं ही मुलांमधली सगळ्यात गंभीर खूण. कधी ती फक्त फ्लॅशने काढलेल्या फोटोत दिसते: एक बाहुली लाल, दुसरी पांढरी. फोटोच्या कोनामुळेही असं होऊ शकतं, पण घरी बसून ते ठरवता येत नाही. बाहुली रुंदावणारे थेंब घालून त्याच आठवड्यात तपासून घ्या. कारण जन्मजात मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रिया सहा ते आठ आठवड्यांच्या वयात झाली तर नजर घडते, आणि पडद्याचा कर्करोग असेल तर प्रश्न जिवाचा असतो. वेळेआधी जन्मलेल्या बाळांचा पडदा वेगळाच तपासावा लागतो. निकष देशागणिक थोडे बदलतात. ३४ आठवड्यांच्या आत किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ असेल तर जन्मापासून चार आठवड्यांच्या आत, आणि फारच लवकर जन्मलेल्यांत त्याहूनही आधी, ही सुरक्षित बाजूची रेघ. ही तपासणी बाळ अतिदक्षता कक्षातून घरी जाण्याच्या गडबडीत राहून जाते. घरी सोडण्याच्या कागदावर तिची तारीख लिहिली आहे का, ते विचारा.

तिरळेपणाबद्दल ‘मोठं झालं की जाईल’ हे वाक्य फार महागात पडतं. पहिल्या तीन-चार महिन्यांत डोळे अधूनमधून सुटे फिरले तर चालतं. त्यानंतर नाही, आणि सतत एकच डोळा वळलेला असेल तर कुठल्याच वयात नाही. तपासायला टॉर्च मुलाच्या चेहऱ्यासमोर हातभर अंतराहून थोडा जवळ धरा. दोन्ही बाहुल्यांच्या मध्यावर चमक दिसली तर डोळे सरळ. नाकाची उंची कमी असलेल्या बाळांत डोळे आत वळल्यासारखे वाटतात, पण चमक मध्यावरच असते. चमक एका डोळ्यात सरकली असेल तर तो तिरळा.

तिरळा डोळा किंवा मोठ्या नंबरचा डोळा मेंदूला धूसर चित्र पाठवतो. मेंदू त्याचं ऐकणं सोडून देतो, आणि तो डोळा आळशी होतो. उपचाराचा क्रम ठरलेला आहे: आधी थेंब घालून काढलेल्या नंबरचा चष्मा तीन-चार महिने पूर्णवेळ. बऱ्याच मुलांना तेवढ्यानेच फरक पडतो. मग चांगल्या डोळ्यावर पट्टी, मध्यम कमजोरीला रोज दोन तास, तीव्र असेल तर सहा. पट्टी कातडीवर चिकटवून तिच्यावर चष्मा लावायचा. चष्म्याच्या काचेवर चिकटवली तर मूल बाजूने बघतं. पट्टी असताना रंगवणं, मणी ओवणं, वाचणं, म्हणजे त्या डोळ्याला बारीक काम. दर भेटीत दोन्ही डोळे मोजा, कारण पट्टीने चांगला डोळा मागे पडू शकतो. सात-आठ वर्षांच्या आत सुरू केलं तर गुण चांगला येतो. पुढे येतच नाही असं नाही, पण कष्ट वाढतात.

नंबर काढताना मुलाच्या डोळ्याचा स्नायू सैल करावाच लागतो, नाहीतर मूल जोर लावून खोटा नंबर दाखवतं. त्यासाठीच्या सायक्लोपेंटोलेटचा परिणाम दिवसभर राहतो, ॲट्रोपिनचा एक ते दोन आठवडे. तोवर जवळचं धूसर आणि ऊन बोचतं. ॲट्रोपिनने तोंड लाल, ताप, बडबड असं दिसलं तर थांबवा आणि दाखवा. चष्म्याने नंबर वाढतो ही समजूत सोडा. लघुदृष्टी, म्हणजे लांबचं धूसर दिसणं, रोखायला रोज साधारण दोन तास मोकळ्या उजेडात खेळणं मात्र खरंच उपयोगी पडतं.

दिवे लागणीच्या वेळी मूल अडखळतं, खेळ सोडून एका जागी बसतं, तर रातांधळेपणाची शंका घ्या. पांढऱ्या भागावर, बुबुळाच्या बाहेरच्या बाजूला साबणाच्या फेसासारखा डाग शोधा. हे अ जीवनसत्त्व संपल्याचं लक्षण. मात्रा अशी: सहा महिन्यांखाली ५० हजार युनिट, सहा ते बारा महिने १ लाख, वर्षापुढे २ लाख, पहिल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा. बुबुळ कोरडं, निस्तेज किंवा मऊ दिसलं तर पहिली मात्रा देऊन तासाभरात निघा. गोवर आलेल्या मुलातही याच वयोमानाने दोन दिवस मात्रा देतात. गरोदर किंवा गरोदर राहू शकणाऱ्या बाईला एवढी मोठी मात्रा देऊ नका, गर्भाला अपाय होतो.

चाळिशीनंतर

जवळचं लांब धरून वाचणं ही चाळिशी. वाचायचा चष्मा पुरे. हळूहळू धूसर होणारी नजर, बाहुलीत करडेपणा, तर मोतीबिंदू. तो कुठल्याही थेंबाने विरघळत नाही, शस्त्रक्रियाच लागते. काचबिंदू बहुधा मुकाट्याने येतो, म्हणून घरात कुणाला असेल तर दाब आणि मज्जातंतू ठरावीक काळाने तपासायचे. मधुमेह असलेल्याने दिसत असो वा नसो, वर्षातून एकदा बाहुली रुंद करून पडदा दाखवायचा. अचानक डोळ्यासमोर विजा, काळ्या ठिपक्यांचा पाऊस, बाजूने सरकणारा पडदा, हे डोळ्यातला पडदा सुटत असल्याचं चिन्ह. दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.

कुणालाही पुढे पाठवताना चिठ्ठीत चार गोष्टी असू द्या: प्रत्येक डोळ्याची मोजलेली नजर, त्रास कधी सुरू झाला, काय लागलं किंवा गेलं, आणि आतापर्यंत कुठले थेंब घातले. शेवटच्या प्रश्नाला ‘लाल टोपणाचे’ असं उत्तर आलं तर बाटलीच सोबत द्या.